एका पाड्यावरचे दोन पगार

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा नाशिक जिल्ह्याचा डोंगराळ पश्चिम पट्टा. त्यातल्याच एका तालुक्यातला हा पाडा. २०२५ साली तिथे समोरासमोरच्या दोन घरांत निराधारच्या पगाराचं, म्हणजे सरकारी मासिक निवृत्तिवेतनाचं, प्रकरण झालं. एका घरात आजी वारल्यानंतरही सात हप्ते जमा होत राहिले. समोरच्या घरात आजी हयात असताना पाच हप्ते बंद राहिले. दोघीही श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेच्या लाभार्थी, दोघी पासष्टीच्या पुढच्या, दोघींचा हप्ता महिना १,५०० रुपये.

सरकारी योजनांतली गळती थांबवायची म्हटलं की चर्चा लगेच बोगस लाभार्थ्यांकडे वळते. इथे दोन्ही घरांत बोगस कुणीच नव्हतं. तरीही सरकारचे १०,५०० रुपये नको तिथे गेले आणि ७,५०० रुपये हवे तिथे पोचले नाहीत. हे नेमकं कसं घडलं ते कागदावर यायला हवं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. या भागात निराधार योजनांच्या अर्जांचं काम मी करतो. दोन्ही घरांचे कागद मी पाहिले आहेत. माणसं आणि गाव ओळखू येऊ नये म्हणून काही घरगुती तपशील बदलले आहेत. दर आणि नियम मात्र शासनाचेच आहेत.

पहिलं घर

जानेवारीच्या थंडीत आजींना दम लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला, तालुक्याहून नाशिकला. नाशिकच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी त्या वारल्या. रात्रीच गाडी करून त्यांना गावी आणलं आणि सकाळी अग्नी दिला. मयताला पोलीस पाटील होते, आशाताई होत्या, रेशन दुकानदार होता, ग्रामपंचायतीचा शिपाई होता. आजी गेल्या हे अख्ख्या गावाला त्या दिवशीच कळलं.

मृत्यूची नोंद मात्र गावात झाली नाही, आणि नियमाने ती तिथे व्हायचीही नव्हती. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यू जिथे होतो तिथल्या निबंधकाकडे नोंद करायची, असं तो सांगतो. आजी घरी वारल्या असत्या तर ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला नाव चढलं असतं. त्या नाशिक शहरात वारल्या, म्हणून नोंद शहरात झाली. दाखला काढायचा तर घरच्यांना पुन्हा नाशिक गाठावं लागणार होतं. ज्याच्या मागे विमा किंवा बँकेतली ठेव असते, त्याचे वारस आपणहून दाखल्यामागे लागतात. या आजींचं नाव सामाईक सातबाऱ्यावर इतर भाऊबंदांच्या नावांसोबत पडून होतं. त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. दाखला कुणी काढलाच नाही.

एटीएम कार्ड आधीपासून नातवाकडे होतं. आजींना तालुक्याच्या बँकेपर्यंत जाणं जमत नव्हतं, म्हणून दर महिन्याला तोच पैसे काढून त्यांच्या हातावर ठेवायचा. आजी गेल्यावर पहिला हप्ता आला तो दहाव्याच्या खर्चात गेला. दुसरा आला. मग येतच राहिला. सातव्या हप्त्यानंतर नाव निघालं आणि सप्टेंबरमध्ये मुलाच्या नावाने वसुलीची नोटीस आली.

दुसरं घर

समोरच्या आजी मुलीकडे राहतात. मुलगी आणि जावई दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला जातात. या पट्ट्यातली निम्मी कर्ती माणसं त्या दिवसांत तिकडेच असतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरची विरळणी, पुढे जानेवारी ते मार्च माल काढणी. भातशेतीवर वर्ष निघत नाही, बागांच्या मजुरीवर निघतं. घरी एकटं कुणी ठेवायचं, म्हणून आजीही सोबत जातात आणि बागेतल्या शेडवर नातवंडं सांभाळतात.

लाभार्थी हयात आहे की नाही याची पडताळणी वर्षातून एकदा होते. त्या वर्षी गावात पडताळणी झाली ती नेमकी माल काढणीच्या दिवसांत. घराला कुलूप होतं. यादीत शेरा पडला की लाभार्थी गावात आढळून आली नाही. एप्रिलपासून पगार बंद.

काम संपवून परत आल्यावर जावई त्यांना घेऊन सरकारी दाखल्यांच्या सेतू केंद्रावर गेला. तिथे अंगठा उठेना. आयुष्यभर भात लावणी आणि खडीकाम केलेल्या बोटांवर रेषा राहतात कुठे? ओटीपीने करू म्हटलं तर आधारला जोडलेला नंबर जावयाच्या जुन्या सिमचा, तो केव्हाच बंद झालेला. नंबर बदलायला तालुक्याच्या आधार केंद्रात जायचं, आणि तिथेही पुन्हा बोटच मागतात. अखेर डोळ्यांवरून ओळख पटली आणि नंबर बदलला. तोवर आषाढ उजाडला होता. लावणीच्या दिवसांत एक खाडा म्हणजे एक रोज बुडाला, आणि आजींना एकटीने एसटीत बसवता येत नाही.

तालुक्याच्या कचेरीत मी त्यांच्यासोबत होतो. टेबलापलीकडच्या साहेबांनी हयातीचा दाखला मागितला. आजी म्हणाल्या, "रावसाहेब, मी तुमच्या म्होरं उभी हाये. आनखी काय दाखवू?" साहेब भला माणूस होता. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. पण पोर्टलवर शेरा बदलायचा तर तलाठ्याचा अहवाल हवा, ही त्याची अडचण खरी होती. तो अहवाल येऊन नाव पुन्हा चालू व्हायला ऑगस्ट संपला.

कुणाला काय माहीत होतं

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: दोन्ही घरांची खरी माहिती सरकारी माणसांकडे पहिल्यापासून होती.

आशाताई गावातल्या मृत्यूंची माहिती दर महिन्याला आरोग्य केंद्राला देतात. पोलीस पाटलालाही ती असते. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, हेच गावचे जन्म-मृत्यू निबंधक. पण ते जिल्हा परिषदेचे. निराधारची यादी महसूल खात्याकडे, म्हणजे तलाठी आणि तहसील कचेरीत निराधार योजनांचं काम पाहणाऱ्या संजय गांधी शाखेकडे. बऱ्याच गावांत तलाठी आणि ग्रामपंचायत अधिकारी एकाच इमारतीत शेजारी बसतात, एकमेकांचा चहा पितात. तरी एकाच्या रजिस्टरमधला मयत दुसऱ्याच्या यादीत जिवंत राहतो, कारण एकाने दुसऱ्याला ठरावीक तारखेला कळवावं अशी नेमलेली वाट नाही. नाशिकसारख्या ठिकाणी आणखी एक भर पडते. पश्चिम पट्ट्यातले गंभीर रुग्ण शहरात येतात, तिथे वारतात, आणि त्यांची नोंद गावच्या रजिस्टरला कधीच लागत नाही.

त्याच एप्रिलमध्ये राज्यभर जिवंत सातबारा मोहीम सुरू झाली. सातबाऱ्यावरच्या मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायची, असा तिचा हेतू. तलाठ्यांनी गावोगाव चावडी वाचन करून मयतांच्या याद्या केल्या. आमच्या पाड्यावरही केली. पहिल्या घरातल्या आजींचं नाव सामाईक सातबाऱ्यावर असल्यामुळे त्या यादीत आलं. म्हणजे आजी वारल्या हे महसूल खात्याच्या स्वतःच्या कागदावर एप्रिलमध्ये आलं होतं, आणि त्याच खात्याच्या दुसऱ्या यादीतून त्यांना ऑगस्टपर्यंत पैसे जात होते. दोन याद्या शेजारी ठेवून एक दुपार घालवली असती तर निम्म्याहून जास्त रक्कम वाचली असती. यात कुणाची लबाडी नाही. दोन वेगवेगळ्या आदेशांची ती दोन कामं होती, आणि तिसरा आदेश कुणी काढला नव्हता.

रेशनकार्डाचीही तीच गत. कुटुंबातल्या एकाचा अंगठा लागला की सगळ्यांचं धान्य निघतं, त्यामुळे मयत माणूस कार्डावर वर्षानुवर्षं राहतो.

केंद्राच्या पातळीवर हालचाल झालेली आहे. १९६९ च्या कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. देशभरातल्या जन्म-मृत्यूंचा एकत्रित डेटा ठेवायचा आणि तो आधार, रेशनकार्ड, मतदारयादी अशा इतर नोंदींसाठी देता यावा, अशी तरतूद तिच्यात आहे. मृत्यूच्या नोंदी पडताळून १.१७ कोटी आधार क्रमांक निष्क्रिय केल्याचं जुलै २०२५ मध्ये केंद्राने सांगितलं. २०२४ च्या अखेरीपासून निराधारचा हप्ता आधारशी जोडलेल्या खात्यातच थेट जमा होऊ लागला आहे, त्यामुळे आधार बंद झाला की पगारही आपोआप थांबेल. हे चांगलं आहे. फक्त जिवंत माणसाचा आधार चुकून बंद झाला तर त्याने कुठे जायचं, हे गावात कुणालाही सांगता येत नाही. ती सोय आधी हवी.

फसवणूक की चूक

नोटिशीची भाषा फसवणुकीची होती. नातू घाबरला, गाव सोडून बागेवर निघून गेला. त्याच्या बापाने मला विचारलं, "भाऊ, पोलीस येतील का?"

माझं मत स्पष्ट आहे. पहिले एक-दोन हप्ते अजाणतेपणी गेले. पगार गेल्या महिन्याचा असेल, आजीचाच असेल, असं घरच्यांना वाटणं साहजिक होतं, आणि मृत्यू झाल्यावर कुठे कळवायचं असतं हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. मंजुरीच्या वेळी मिळालेल्या कागदावरही त्याबद्दल एक ओळ नव्हती. पुढचे हप्ते मात्र नातवाने समजून उमजून काढले. ते चुकीचंच होतं, आणि ते पैसे परत मागण्यात सरकारचं काही चुकलं नाही. पण पाड्यावरच्या या पोराला आणि पैसे घेऊन शंभर खोटे अर्ज भरणाऱ्या एजंटाला एकाच मापाने मोजलं तर दोघांपैकी सापडतो तो पोरगा. एजंटाच्या नावावर एक रुपयाही जमा झालेला नसतो.

खरी लबाडी कशी असते तेही सांगायला हवं. वयाची पासष्टी दाखवायला आधारवरची जन्मतारीख मागे ढकलतात. ट्रॅक्टर असलेल्या घरात वेगळी चूल दाखवून म्हातारीला निराधार करतात. खात्यात पैसे सुरू झाले की पहिले दोन हप्ते एजंटाला, असा ठराव असतो. आणि मोठी रक्कम जाते ती यादीच्याही वर. २०१५ मध्ये गाजलेला सुरगाण्याचा धान्य घोटाळा जिल्ह्यात अजून कुणी विसरलेलं नाही. मनमाडच्या गोदामातून निघालेलं रेशनचं धान्य वाटेतच वळवलं गेल्याचं ते प्रकरण. त्यात तहसीलदारांच्या निलंबनाची घोषणा विधिमंडळात झाली होती. तिथे एखाद्या आजीचा अंगठा तपासून काय हाती लागलं असतं? चोरी वाहतुकीत होती आणि पडताळणी दुकानाच्या दारात.

एकवीस हजारांची अट

थोडं विषयाबाहेर जातो, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एका माणसाने वर्षभरात ६८ दिवस रोहयोवर काम केलं, तर २१,२१६ रुपये होतात आणि आजी अपात्र. सरकारच्याच कामावर, सरकारच्याच दराने.

त्यामुळे होतं काय, तर उत्पन्नाचा दाखला जवळजवळ प्रत्येकालाच वाकवून घ्यावा लागतो. अर्जदाराला ते माहीत असतं, तलाठ्याला माहीत असतं, तालुक्याच्या समितीलाही माहीत असतं. खरोखर उपाशी असलेली बाई आणि बागायतदाराची आई या दोघींच्या दाखल्यावर मग तोच वीस हजारांचा आकडा दिसतो. नियमच असा असेल की प्रामाणिक माणसाला खोटं लिहावं लागेल, तर त्या कागदावरून लबाड माणूस ओळखणार कसा? फसवणूक कमी करायचं पहिलं काम माझ्या मते ही मर्यादा आजच्या मजुरीला धरून वाढवणं हे आहे. त्याने यादी थोडी वाढेल. पण ती खरी यादी असेल, आणि खोट्या दाखल्यावर कारवाई करायला सरकारला तोंड राहील.

मोजायचं ते दोन्हीकडून मोजायचं

त्या वर्षी बंद झालेल्या पगारांकडे बचत म्हणून पाहिलं जातं. वारलेल्या आजींचा बंद केला ती बचत, आणि बागेत गेलेल्या आजींचा बंद केला तीही बचत. कागदावर दोन्ही नावं एकाच रकान्यात. यातली एक दुरुस्ती आहे आणि दुसरी चूक, हे अहवालातून कळायला मार्गच नाही. मग साहजिकच जितकी नावं कापली तितकं काम चांगलं, असा समज वरपर्यंत जातो.

लाडकी बहीण योजनेत हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. २०२४ च्या मध्यावर योजना आली, पैसे आधी वाटले गेले आणि छाननी नंतर झाली. २६.३४ लाख लाभार्थी अपात्र दिसत असल्याने त्यांचे पैसे थांबवल्याचं महिला व बालविकासमंत्री आदिती तटकरे यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं. त्यांत पुरुषही होते, दोन-दोन योजनांचे पैसे घेणारेही होते. इतर योजनांच्या याद्या सरकारकडे आधीपासून होत्या. अर्ज मंजूर करतानाच त्या जुळवल्या असत्या तर यातलं बरंच टळलं असतं. पुढे ई-केवायसी आली तेव्हा पतीचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला, आणि ज्यांचे दोघेही हयात नाहीत अशा बायका अडकल्या. ज्यांच्यासाठी योजना, त्याच गाळणीत अडकतात ते असं.

मशीनवर भरवसा ठेवण्याआधी झारखंडचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तिथे रेशनवर आधार पडताळणी सक्तीची केल्यावर काय झालं याचा अभ्यास अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. नुसत्या अंगठ्याने गळती मोजण्याइतकी कमी झाली नाही. ज्यांची कार्डं आधारला जोडलेली नव्हती त्यांच्या लाभात मात्र सरासरी १० टक्के घट झाली. अंगठा टाकून द्या असं मी म्हणत नाही. अंगठा उठला नाही तर पुढे काय, हे अंगठा मागण्याआधी ठरलेलं असावं, एवढंच म्हणणं आहे.

पाड्यावर पुढे काय झालं

पहिल्या घराची वसुली हप्त्यांनी करून घ्यावी असा अर्ज आम्ही दिला आणि तो मान्य झाला. नातू परत आला. पोलिसांत काही गेलं नाही. दिवाळीच्या मजुरीतून पहिला भरणा त्यानेच केला.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत निराधार लाभार्थ्यांची पूर्ण यादी नाव घेऊन वाचली गेली. यादी वाचायला तर्क लढवणारा अधिकारी लागला नाही, लागला तो नुसता मोठा आवाज. तीन नावांवर लोकांनी हात वर केले: एक मयत, एक मुलाकडे मुंबईला गेलेली, आणि एक असं घर ज्याच्याबद्दल सगळे आधी गप्प बसले आणि मग मागच्या रांगेतल्या बाया बोलल्या. त्या घराची चौकशी चालू आहे. लोकांसमोर यादी वाचण्याने जे बाहेर येतं ते कचेरीत बसून येत नाही, हे मी अनेक गावांत पाहिलं आहे. मात्र वाचनानंतर लगेच नाव कापू नये. गावातली भाऊबंदकी अशा वेळी हिशेब चुकते करते, म्हणून नाव आलेल्या माणसाला आपलं म्हणणं मांडायला मुदत हवी. तसा ठरावही त्या सभेत झाला.

दुसरा ठराव असा की दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मयतांची यादी तलाठ्यांकडे लेखी द्यावी, आणि गावाबाहेर वारलेल्यांची नावं आशाताईंच्या वहीतून त्यात धरावीत. याला ना पोर्टल लागतं, ना निधी. पहिली यादी गेलीसुद्धा.

दुसऱ्या घरातल्या आजींचा पगार सुरू झाला आहे. बुडालेल्या पाच हप्त्यांचा प्रस्ताव तालुक्याहून पुढे गेला, पैसे अजून आलेले नाहीत. दिवाळी झाली तशी ती मंडळी पुन्हा दिंडोरीकडे गेली. जाण्याआधी तलाठ्यांनी त्यांच्या नावापुढे बागेचं गाव आणि बागायतदाराचा फोन नंबर लिहून घेतला. पडताळणीच्या वेळी घराला कुलूप दिसलं तर शेरा मारण्याआधी त्या नंबरवर फोन करायचा, असं ठरलं आहे. पाड्यावरून बागांना गेलेल्या आणखी काही म्हाताऱ्यांच्या नावापुढे अशी नोंद अजून व्हायची आहे. ती यादी आशाताई आणि मी मिळून करतो आहोत.